अस्वलांच्या शेजारची वाडी

बडोद्यात ‘आमची वाडी’ म्हटलं की लोकांना शहरातलं वाडी रंगमहाल आठवतं. आमची वाडी ती नव्हे. हालोल सोडून जांबुघोड्याच्या रस्त्याला लागलं की अभयारण्याच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी सासरची साडेचार विघे जमीन आहे. आंबा, सीताफळ, थोडा मका, बांधावर मोहाची तीन जुनी झाडं. गेली बावीस वर्षं मी शनिवार-रविवारी तिथे जाते, उन्हाळ्यात महिनाभर राहते. हल्ली शहरातली बरीच मंडळी त्या बाजूला शेतघरं करतायत. विचारतात मात्र सगळे एकच, “बिबट्या येतो का हो?” येतो की. पण बिबट्या माणसाची चाहूल लागली की सहसा स्वतःच वाट बदलतो. आमच्या फळियातले, म्हणजे पाड्यातले, राठवा आदिवासी लोक जपून असतात ते रीछापासून, म्हणजे अस्वलापासून.

जांबुघोडा अभयारण्य १९९० साली जाहीर झालं, साधारण १३० चौरस किलोमीटरचं. पुढे दाहोद जिल्ह्यात रतनमहाल आहे, ते १९८२ पासून खास अस्वलांसाठी राखलेलं. २०१६ च्या गणनेत गुजरातभर ३४३ अस्वलं मोजली होती, त्यांतली बरीच आमच्या या पूर्वेच्या पट्ट्यात. तेव्हा या भागात घर बांधायचं तर शेजारी कोण आहे ते आधी समजून घेतलेलं बरं.

मोबाईलवरचं ज्ञान आधी बाजूला ठेवा

माझा भाचा पहिल्यांदा वाडीवर आला तेव्हा पूर्ण तयारीने आला होता. “मामी, अस्वल दिसलं की हात वर करून उंच व्हायचं, ओरडायचं, दगड मारायचे. अंगावर आलं तर नाकावर ठोसे लगवायचे.” त्याने पाहिलेले व्हिडिओ अमेरिकेतल्या काळ्या अस्वलाचे होते आणि त्या प्राण्याच्या बाबतीत तो सल्ला चुकीचाही नाही. ते अस्वल बिचकलं की बहुधा झाडावर चढतं नाहीतर सटकतं. अंगावर आलंच तर प्रतिकार करा असंच तिकडे शिकवतात.

आपलं अस्वलही काळंच, पण जात वेगळी आणि स्वभाव तर फारच वेगळा. ते शेकडो पिढ्या वाघाच्या जंगलात वाढलंय. पळून किंवा झाडावर चढून वाघापासून सुटका नाही, म्हणून धोका जवळ दिसला की आधी अंगावर जायचं हे त्याच्या हाडात मुरलंय. त्याच्यासमोर हात वर करून आरडाओरडा करणं म्हणजे चल ये म्हणण्यासारखं. ते हिवाळ्यात झोपूनही राहत नाही, बारा महिने फिरतं.

दुसरी गोष्ट, ते तुम्हाला खायला येत नाही. त्याचं मुख्य खाणं वाळवी, मुंग्या, मध आणि फळं. वरचे मधले दोन दात त्याला नसतातच. त्या फटीतून ते वाळवी ओढून घेतं, नाकपुड्या मिटून, नळाला हवा आल्यावर येतो तसा फुर्र-फस्स आवाज करत. रात्री शांत असेल तर शे-दीडशे मीटरवरून ऐकू येतो. हा आवाज लक्षात ठेवा, कारण घोटाळा इथेच होतो. नाक जबरदस्त, पण नजर अधू आणि कान बेताचे. त्यात खाताना स्वतःचाच एवढा गोंगाट की तुमची पावलं त्याला ऐकूच येत नाहीत. तुम्ही झुडपाला वळसा घालता, ते दहा फुटांवर मान वर करतं, दोघंही दचकतात. तुम्ही पळता, ते धावून येतं.

म्हणजे करायचं काय, तर दोनच गोष्टी. आपण येतोय हे त्याला लांबूनच कळलं पाहिजे, आणि आपल्या घराजवळ त्याला खायला काही मिळता कामा नये. खालचा सगळा तपशील या दोन गोष्टींचाच आहे.

खुणा ओळखायला शिका

जमीन नवी असेल तर पहिल्या आठवड्यात सकाळी ऊन वर आल्यावर, कुणा स्थानिक माणसाला घेऊन कुंपणाच्या कडेने एक फेरी मारा. फोडलेलं वारूळ सगळ्यात सोपी खूण. आमच्या विहिरीमागे एकदा मी ताजं पाहिलं. कंबरेएवढं वारूळ एका बाजूने आत पार फोडलेलं, भोक इतकं खोल की माझा हात खांद्यापर्यंत गेला असता. कडेला चार-पाच समांतर ओरखडे, मातीची ढेकळं लांबवर उडालेली आणि आत लाळेने भिजलेला चिखल अजून ओलाच. भिजलेली माती म्हणजे गडी रात्रीच येऊन गेला. कोरडी, कोळ्याने जाळं धरलेली असेल तर जुनं प्रकरण.

मागच्या पायाचा ठसा अनवाणी माणसाच्या पावलासारखा दिसतो, फक्त रुंद, आणि बोटांच्या बऱ्याच पुढे नखांचे टोचे. विष्ठेत बोरं, जांभळं, बहाव्याच्या बिया अख्ख्या दिसतात. पोळी लागणाऱ्या झाडांच्या खोडावर ओरखडे असतात. या खुणा कुठे-कुठे दिसल्या ते कागदावर मांडलंत की त्याची वाट दिसायला लागते. ती वाट अडवू नका. आम्ही एका कोपऱ्यात तारेचं कुंपण आठ फूट आत घेतलं आणि ओढ्याची कड मोकळी सोडली. दीर अजून म्हणतात, जमीन फुकट घालवली. म्हणोत.

त्याचं वेळापत्रक, आपलं वेळापत्रक

सगळ्यात जास्त काळजी मार्च-एप्रिलमध्ये. मोह फुलतो, फुलं पहाटे टपटप गळतात आणि ती वेचायला माणूस नि अस्वल एकाच झाडाखाली येतात. माणसाला फुलं ऊन चढून सुकायच्या आत हवी असतात, म्हणून बायका पहाटे चार-पाचला टोपल्या घेऊन निघतात, वाकून वेचतात. याच दिवसांत हिवाळ्यात जन्मलेली पिल्लं गुहेतून बाहेर पडलेली असतात आणि आईच्या पाठीवर केस धरून बसून फिरतात. पिल्लंवाली मादी पुष्कळदा दिवसाही बाहेर असते, आणि तिच्याइतकं तापट जनावर त्या जंगलात दुसरं नाही. फुलं, अंधार, वाकलेली माणसं, पिल्लंवाली मादी, सगळं एका जागी.

आमच्या झाडांचा मोह शेजारच्या राठवाकाकी वेचतात. आमचा अलिखित करार असा: झाडाच्या बुंध्यावर ऊन पडल्याशिवाय कुणी खाली जायचं नाही. आदल्या संध्याकाळी झाडाखाली जुन्या साड्या किंवा शेडनेट अंथरायचं, म्हणजे सकाळी एकेक फूल वेचत तासभर वाकून बसावं लागत नाही. गोळा करून दहा मिनिटांत निघता येतं. झाडाखालचा पाला जाळू मात्र नका. वणवा तिथूनच लागतो. पाला झाडून बाजूला केला तरी पुरे.

मे-जूनमध्ये आंबा, जांभूळ, टेंभुर्णी, बहावा. पावसाळ्यात माती मऊ होते, वाळवी वर येते, आणि गवत-झुडपं छातीपर्यंत वाढल्यामुळे समोरचं दिसत नाही. भाद्रपदाच्या सुमारास मका दुधावर येतो, मग सीताफळ. हिवाळ्यात मादी कपारीत, दगडांच्या पोकळीत व्यालेली असते, तेव्हा मुलांना खडकांत खेळायला, गुहा बघायला पाठवू नका. दिवसातली पहाट आणि तिन्हीसांज वाईट, रात्र तर त्याचीच. भर दुपारी ते घाणेरीच्या जाळीत किंवा ओढ्याच्या सावलीत पडलेलं असतं. म्हणून दुपारी सरपणासाठी जाळीत हात घालण्याआधी दोन मोठे दगड आत टाकून थांबायचं.

घराभोवती

इथली चूक माझीच. काही वर्षांपूर्वी आंबा खूप आला होता. पिकून फुटलेला माल मी स्वयंपाकघरामागच्या खड्ड्यात टाकला, खत होईल म्हणून. तिसऱ्या रात्री खिडकीखाली तो नळाचा आवाज. बॅटरी मारली तर काळा केसाळ ढीग पुढे वाकून कोयी चोखतोय, छातीवरचा पांढरट पट्टा मधूनच दिसतोय. आम्ही दार लावून बसलो. पुढचे नऊ दिवस ते रोज आलं, खड्डा रिकामा केल्यावरसुद्धा, आणि एका रात्री पडवीतला गुळाचा डबा चेपून गेलं. एकदा जागा कळली की वास संपला तरी ते बघून जातं. म्हणून पहिलीच वेळ येऊ द्यायची नाही.

फळांचा कचरा घरापासून लांब, हातभर खोल पुरा आणि वर माती दाबा. सुकवलेला मोह, डोळी (मोहाच्या बिया), गूळ, मध, तेल, शेंगदाणे पडवीत ठेवू नका. लोखंडी कोठीत, पक्क्या खोलीत ठेवा. कुत्र्या-मांजराचं ताट रात्री उचला. भांडी रात्रीच घासा. मधमाश्यांच्या पेट्या ठेवायच्या असतील तर त्यांच्याभोवती झटका मशीनची, म्हणजे क्षणभर विजेचा धक्का देणारी, तार हवीच, नाहीतर पेट्या कुणासाठी पाळताय ते तुम्हीच ठरवा. झाडाखाली पडलेली फळं रोज संध्याकाळी उचला. कंटाळवाणं काम आहे, पण यासारखा दुसरा उपाय नाही.

घराभोवती तीस-चाळीस फुटांतलं गवत, घाणेरी साफ ठेवा. संडास घराला लागून असावा किंवा तिथपर्यंत दिवा असावा. अंधारात परसाकडे गेलेल्या माणसांवर हल्ले होतात, हे या भागात कुणालाही विचारा. सौर दिवे लावा, पण दारात नव्हे. वाटेच्या वळणावर, जिथून पुढचं दिसत नाही तिथे. उघड्यावर झोपायची हौस गच्चीवर भागवा. कुत्रा हवा, तो भुंकून सांगतो. जंगलात फिरायला मात्र त्याला नेऊ नका. तो अस्वलाला छेडतो आणि जीव वाचवायला तुमच्याकडे पळत येतो, मागे अस्वल.

शेतात

मक्याला घराच्या बाजूची जमीन द्या, जंगलाच्या बाजूला एरंडी लावा. राखणीला माळा जमिनीपासून दहा-बारा फूट, शिडी वर ओढून घेता येईल अशी. अस्वलाला झाडावर चढता येतं हे खरं, पण मध सोडून उगाच कष्ट घेत नाही. माळ्यावर दोघं असावेत, पत्र्याचा डबा नि बॅटरी हवी. उतरायचं ते उजाडल्यावर.

झटका मशीन बॅटरीवरचं किंवा सौर, क्षणभर धक्का देणारं असतं. त्याने जनावर मरत नाही, परततं. तारा जमिनीपासून एक फुटाच्या आत सुरू करा आणि खालचं गवत कापत राहा, कारण गवत टेकलं की झटका मातीत जातो. वीजमंडळाच्या लाईनवरून थेट करंट सोडायचा विचारही नको. त्याने अस्वल मरेल, शेजारचा माणूस मरेल, आणि दोन्हींत तुरुंग आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये अस्वल पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या बरोबरीने. सापळा, विष, तसलं सगळं त्यातच येतं.

वाटेने चालताना

एकट्याने जाऊ नका; जावंच लागलं तर बोलत जा. राठवा बायका सरपणाला जाताना मोठमोठ्याने गप्पा का मारतात हे मला दोन वर्षांनी कळलं. मी काठीला घुंगरू बांधलेत, आणि वळण आलं की खाकरते. कानात गाणी लावून फिरणाऱ्या पाहुण्यांना मी सरळ परत बोलावते. वारा समोरून तोंडावर येत असेल तर तुमचा वास पुढे जात नाही. तेव्हा आवाज दुप्पट करा. ओढ्याजवळ पाण्याच्या आवाजात तर टाळ्याच वाजवा. पाठीवर जाडसर पिशवी असू द्या. का ते पुढे येतंच.

समोर आलं तर

लांब आहे आणि त्याने पाहिलेलं नाही: आल्या वाटेने गपचूप मागे फिरा. फोटो नाही.

जवळ आहे आणि त्याने मान वर केलीय: थांबा. पळू नका, त्याच्यापेक्षा जोरात पळणारा माणूस आमच्या ओळखीत नाही. हळू आवाजात काहीतरी बोलत, पाठ न दाखवता एकेक पाऊल मागे सरका. ते मागच्या पायांवर उभं राहिलं तर घाबरू नका, बहुधा वास घेतंय, काय आहे ते बघतंय. पिल्लू आणि आई यांच्या मधे तुम्ही आला असाल तर बाजूला सरका, पिल्लाकडे नव्हे. त्याला निघून जायला वाट आहे ना, हे बघा. बांध आणि कुंपणाच्या मधे कोंडलेलं अस्वल अंगावर येणारच.

धावून आलं तरी पुष्कळदा मधेच थांबतं, फुसफुसतं आणि वळतं. म्हणून शेवटच्या क्षणापर्यंत जागा सोडू नका, काठी आडवी समोर धरा. खरंच येऊन भिडलं, तर जमिनीवर पालथे पडा. चेहरा मातीत, दोन्ही हातांची बोटं मानेमागे गुंफलेली, कोपरं कानांशी, पाय थोडे फाकलेले म्हणजे उलथवता येणार नाही. पिशवी पाठीवरच राहू द्या. हे अस्वल डोक्यावर-चेहऱ्यावर वार करतं. आयुष्यभराचं नुकसान होतं ते डोळे, नाक, जबडा यांचं. पाठीवरच्या जखमा भरतात. हल्ला बहुतेक वेळा थोडकाच असतो. ते सोडून गेल्यावरही लगेच उठू नका; पूर्ण शांत होऊ द्या, मग मान वळवून बघा.

बरोबरच्यांनी पळून जायचं नाही. सगळ्यांनी एकत्र राहून, डबे बडवत, ओरडत पुढे सरकायचं. आरडाओरडा नको असं मी वर म्हटलं, ते एकट्याने समोरासमोर असताना. पडलेल्या माणसावरून त्याला हटवायचं असेल तेव्हा घोळक्याचा आवाजच कामी येतो.

हे पालथं पडणं घरी एकदा सतरंजीवर करून बघा. मुलं हसतील, हसू दे. अंगाला माहीत असेल तरच ऐनवेळी होतं.

जखम झाली तर

१०८ ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत रक्त थांबवा: स्वच्छ फडकं, वरून घट्ट दाब. चेहऱ्याची जखम असेल तर माणसाला उताणं झोपवू नका, रक्त घशात जातं. पुढे वाकवून बसवा किंवा कुशीवर ठेवा. डोक्याची कातडी सुटली असेल तर ती जागेवर बसवून फडक्याने दाबा, कापून टाकू नका. डोळ्याला काही लावू नका, नुसतं झाका. हळद, चुना, तंबाखू, काहीही नको. रक्त आटोक्यात असेल तर बाकीच्या जखमा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. अस्वलाच्या चाव्यातूनही रेबीज होऊ शकतो, म्हणून रेबीजची लस, जखमेत द्यायचं इंजेक्शन आणि धनुर्वाताचं, तिन्ही डॉक्टरांना स्वतःहून विचारा. जवळच्या दवाखान्यात पट्टी झाल्यावर चेहऱ्याच्या मोठ्या जखमा बडोद्याला सयाजी हॉस्पिटलमध्ये न्याव्या लागतात.

त्याच दिवशी बीट गार्डला, म्हणजे त्या भागाच्या वनरक्षकाला, कळवून पंचनामा करून घ्या. जखमी माणसासाठी आणि मारल्या गेलेल्या गुरासाठी सरकारी मदत मिळते, पण पंचनामा आणि दवाखान्याचे कागद नसतील तर फाईल हलत नाही. एकदा आमच्या फळियातल्या एकाचे कागद कचेरीत हरवले आणि वर्षभर खेटे घालावे लागले. तेव्हापासून प्रत्येक कागदाचा फोटो आधी मोबाईलमध्ये काढून ठेवतो.

पिल्लू आणि विहीर

एकटं पिल्लू दिसलं तर उचलू नका. आई बहुधा जवळच असते, ती तुम्हाला दिसत नसली तरी. लांबून बीट गार्डला कळवा. माझ्या लहानपणी दांडिया बाजारात अस्वलवाला यायचा, नाकातून दोरी ओवलेलं अस्वल घेऊन. आज्जीने माझ्या गळ्यात त्याच्या केसाचा ताईतही बांधला होता, भीती जावी म्हणून. ती अस्वलं पिल्लं असतानाच जंगलातून चोरलेली असत, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.

आणि विहिरीला कठडा बांधा. निदान तीन फूट. रात्री वासामागे जाणारं अधू नजरेचं जनावर सपाट विहिरीत सरळ जातं. शेजारच्या एका विहिरीत पडलं होतं, पाणी कमी होतं म्हणून वाचलं. वनखात्याच्या माणसांनी आडव्या लाकडी पट्ट्या ठोकलेला लांब ओंडका तिरका आत सोडला आणि सगळ्यांना घरी जायला सांगितलं. कुणी गेलं नाही. आजूबाजूच्या तीन फळियांतले लोक मोबाईल घेऊन कडेला उभे, वरून फरसाणही टाकून झालं. ओंडका सोडला तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. रात्री नऊच्या सुमारास शेवटची मोटरसायकल गेली, आणि पाच मिनिटांत ते वर आलं, अंग झाडलं, आणि ओढ्याकडे चालू लागलं.